डोंगरावरचा हंगाम: नागपूरची उन्हाळी राजधानी आणि सातपुड्यातील दोन गावे

समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर, चारही दिशांना समुद्रापासून दूर वसलेल्या नागपूरचा उन्हाळा हा केवळ हवामानाचा विषय नाही. या शहराच्या प्रशासनाचा, श्रमाचा आणि स्थलांतराचा इतिहास त्याने घडवला आहे. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्या पुढे सहज जातो आणि २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंशांवर पोहोचल्याची नोंद आहे. ब्रिटिशांनी १८६१ साली मध्य प्रांत हा नवा प्रांत निर्माण करून नागपूरला त्याची राजधानी केले, तेव्हा वर्षातील सर्वांत कठीण दोन-अडीच महिने कारभार कोठून चालवायचा हा प्रश्न आपोआपच उभा राहिला. सातपुड्याच्या माथ्यावरील पचमढी हे त्याचे उत्तर ठरले आणि तेथे उन्हाळी राजधानीची प्रथा रुजली. उन्हाळी राजधानी म्हणजे प्रांताचा प्रमुख, त्याचे सचिव, निवडक दप्तर आणि त्यांच्या दिमतीचा नोकरवर्ग यांनी ठरावीक महिन्यांसाठी थंड जागी हलवलेला सरकारचा मुक्काम. वऱ्हाडातील अधिकाऱ्यांसाठी हीच गरज मेळघाटातील चिखलदऱ्याने भागवली. या दोन गावांच्या इतिहासात तेथे जाणाऱ्यांविषयी बरेच लिहिले गेले आहे. तेथे राहून राबणाऱ्यांना त्या हंगामाने काय दिले आणि त्यांच्याकडून काय घेतले, याची मांडणी मात्र फारशी झालेली नाही.

हंगामी गाव ही अर्थशास्त्राच्या दृष्टीने एक विशिष्ट रचना असते. तेथील कमाई तीन-चार महिन्यांत होते आणि खर्च बारा महिने चालतो. पाणी, जागा, रस्ते आणि बाजारभाव हे पाहुण्यांच्या संख्येनुसार ठरतात, तर त्या भावाने खरेदी करण्याची वेळ मुक्कामी रहिवाशावर येते. आणि ज्या निसर्गामुळे गावाला मोल येते, तो निसर्ग जपण्याचे निर्बंधही त्याच रहिवाशावर सर्वांत आधी पडतात. आल्प्स पर्वतातील किंवा अमेरिकेतील रॉकी पर्वतातील बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी प्रसिद्ध असलेल्या गावांत आज हाच पेच दिसतो: हॉटेलांत काम करणाऱ्यांना त्याच गावात भाड्याने घर परवडत नाही. काश्मीरमधील गुलमर्गचा आरंभ ब्रिटिशांच्या उन्हाळी मुक्कामाने झाला आणि १९२७ साली तेथे स्की क्लब स्थापन झाल्यावर हिवाळ्याचा दुसरा हंगाम त्याला जोडला गेला. विदर्भाच्या वाट्याला बर्फ आले नाही, परंतु हंगामावर जगणाऱ्या गावाचे सारे प्रश्न आले.

पचमढीची कथा बहुतेक ठिकाणी कॅप्टन जेम्स फोर्सिथ या अधिकाऱ्यापासून सुरू केली जाते, आणि तेथेच ती चुकते. फोर्सिथने १८६२ मध्ये बांधलेले बायसन लॉज आजही उभे आहे आणि मध्य भारतातील डोंगराळ प्रदेशावरचा त्याचा ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला, हे खरे. परंतु ज्या पठाराचा त्याने ‘शोध लावला’ असे म्हटले जाते, ते कोरकू जहागिरदारांच्या ताब्यातील नांदते पठार होते. कोरकू हा सातपुड्यातील आदिवासी समाज असून त्याची भाषा मराठी किंवा गोंडी या दोहोंच्या कुळातील नाही. तिचे नाते झारखंड आणि ओडिशाकडील मुंडा भाषांशी आहे. १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात उतरले, तेव्हा या भागातील कोरकू राजा भभूतसिंह यांनी त्यांना साथ दिली आणि त्यानंतरही डोंगरदऱ्यांचा आश्रय घेऊन इंग्रजी फौजेशी झुंज चालू ठेवली. अखेरीस ते पकडले गेले आणि त्यांना मृत्युदंड देण्यात आला. थंड हवेचे ठिकाण म्हणून पचमढीची वाढ या पराभवानंतरच्या काही वर्षांतच सुरू झाली. लष्करी बंदोबस्त आणि हवापालट या दोन्ही गोष्टी एकाच पठारावर, एकाच दशकात आल्या, हा योगायोग मानता येणार नाही.

त्यापाठोपाठ जंगलाचा कायदा आला. पचमढीच्या पायथ्याशी असलेले बोरीचे जंगल १८६५ साली राखीव झाले आणि भारतातील सर्वांत जुन्या राखीव वनांत त्याची गणना होते. राखीव वन म्हणजे ज्या जंगलातील लाकूड, चराई आणि शेती यांवर सरकारने पूर्ण नियंत्रण घेतले आहे असे वन. कोरकू आणि गोंड यांची परंपरागत शेती फिरत्या पद्धतीची होती: जंगलाचा तुकडा तोडून जाळायचा, राखेत कोदो-कुटकीसारखी भरड धान्ये पेरायची आणि दोन-तीन वर्षांनी ती जमीन पडीक ठेवून पुढे सरकायचे. या पद्धतीला मध्य प्रांतात बेवर किंवा दहिया म्हणत. ही शेती बंद पडली तेव्हा डोंगरातील माणसासमोर मजुरीचा मार्ग उरला, आणि नेमक्या त्याच काळात पठारावर बंगले, रस्ते, छावणी आणि गिरिजाघर यांची कामे निघाली. ख्राइस्ट चर्च १८७५ मध्ये, प्रांतप्रमुखाचे निवासस्थान १८८७ मध्ये आणि कॅथलिक चर्च १८९२ मध्ये उभे राहिले. पचमढीने स्थानिकांना रोजगार दिला असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या रोजगाराची गरज कशी निर्माण झाली हे त्याच वाक्यात सांगितले पाहिजे. अन्यथा ते विधान अर्धे राहते.

नागपूरहून पचमढीला पोहोचणे सोपे नव्हते. नागपूरला रेल्वे १८६७ मध्ये आली आणि पचमढीचे स्टेशन असलेले पिपरिया १८७० च्या सुमारास इटारसी–जबलपूर मार्गावर आले, परंतु नागपूर आणि इटारसी यांना थेट जोडणारा लोहमार्ग १९२० नंतरच्या दशकात पूर्ण झाला. तोपर्यंत रेल्वेने जायचे तर सहसा आधी पश्चिमेला भुसावळपर्यंत जाऊन तेथून खंडवा–इटारसीच्या बाजूने पूर्वेकडे वळावे लागे, नाहीतर छिंदवाड्याच्या वाटेने घाट चढावा लागे. आणि पिपरियाहून पुढचा सुमारे ५० किलोमीटरचा चढ शिल्लक असेच. ज्याला साहेब, मेमसाहेब, मुले, टेबल-खुर्च्या, भांडी आणि दप्तराच्या पेट्या यांसह हे अंतर कापायचे होते, त्याच्यामागे गाडीवान, हमाल, खानसामे, भिस्ती, धोबी, माळी, आया आणि चपराशी यांची साखळी उभी असे. भिस्ती म्हणजे चामड्याच्या पखालीतून पाणी वाहणारा. उंचावरच्या प्रत्येक बंगल्यातील स्नानाचे पाणी त्याच्या पाठीवरून येत असे. यांपैकी काही जण मैदानातून साहेबासोबत येत आणि त्याच्यासोबत परत जात, काही जण हंगामापुरते स्थानिक भरतीतून घेतले जात. पावसाचे ढग दिसू लागले की पहिल्यांचे वेतन चालू राही आणि दुसऱ्यांचे थांबे. हंगामी गावातील विषमता पाहुणा आणि यजमान यांच्यातच असते असे नाही. ती नोकरांच्या रांगेतही असते, हे येथे स्पष्ट दिसते.

नागपुरात मागे राहिलेल्यांचा उन्हाळाही या इतिहासाचा भाग आहे. सरकार डोंगरावर गेल्याने मैदानातील कारभार थांबत नसे: कनिष्ठ कारकून, तहसिलांतील कर्मचारी, पोलीस आणि दवाखान्यांतील माणसे यांना वाळ्याच्या ताट्या आणि पंखा ओढणारा मजूर यांच्या भरवशावर दिवस काढावा लागे, आणि ताट्यांवर दिवसभर पाणी मारणे हा नागपुरातला स्वतंत्र हंगामी रोजगार होता. वाळा या सुगंधी गवताच्या मुळांच्या या ताट्या दारा-खिडक्यांना लावून ओल्या ठेवल्या की आत येणारी झळ गार होते. आजच्या नागपुरी कूलरची खस त्याच परंपरेतील आहे. ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांच्यापासून सरकारने वर्षातील सर्वांत कष्टाच्या काळात दूर जाणे, हा राष्ट्रीय चळवळीच्या दृष्टीने गंभीर आक्षेपाचा विषय होता. गांधीजींनी १९२१ साली सिमल्याला भेट दिल्यानंतर याच मुद्द्यावर टीका करताना, पाचशेव्या मजल्यावर दुकान थाटणाऱ्याला गिऱ्हाईक कसे गाठणार, अशा आशयाची मांडणी केली होती. पचमढीची उंची सिमल्याच्या निम्म्याहून कमी असली, तरी तो आक्षेप तिला तितकाच लागू होता.

आश्चर्य असे की निवडून आलेल्या सरकारनेही ही प्रथा मोडली नाही. १९३७ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडात डॉ. नारायण भास्कर खरे यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर आले आणि पुढच्याच उन्हाळ्यात, मे १९३८ मध्ये, मराठी भाषक विदर्भ-वऱ्हाडचे मंत्री आणि हिंदी भाषक महाकोशलचे रविशंकर शुक्ल व द्वारकाप्रसाद मिश्र यांच्यातील संघर्ष मिटवण्याचा प्रयत्न पचमढीतच झाला. वल्लभभाई पटेल यांच्यासारखे नेते त्यासाठी तेथे आले आणि जो समेट झाला तो पचमढी करार म्हणून ओळखला गेला. तो टिकला नाही. जुलै १९३८ मध्ये खरे यांनी राजीनामा दिला, नवे मंत्रिमंडळ बनवण्याचा त्यांचा प्रयत्न काँग्रेसश्रेष्ठींनी अमान्य केला आणि शुक्ल मुख्यमंत्री झाले. प्रांताच्या राजकारणातील इतका निर्णायक तंटा प्रांताच्या राजधानीत न होता थंड पठारावर व्हावा, यावरून ती प्रथा किती खोल रुजली होती याची कल्पना येते. कारभाराचे केंद्र डोंगरावर गेले की अर्जदार, वकील, कंत्राटदार आणि पत्रकार यांनाही डोंगर चढावा लागतो. ज्याच्याकडे भाड्याचे पैसे नसतात त्याचे गाऱ्हाणे पावसाळ्यापर्यंत थांबते.

चिखलदऱ्याचा इतिहास याहून जुना आहे आणि नागपूरच्या भोसल्यांशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे. या पठाराला लागूनच गाविलगड आहे. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने पंधराव्या शतकात तो बांधवला आणि पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने तो जिंकला आणि दोनच दिवसांनी दुसऱ्या रघूजी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. त्या तहात किल्ला भोसल्यांना परत मिळाला, परंतु १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईतील पराभवानंतर वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख त्यांच्या हातून गेला आणि १८२२ च्या तहाने तो निजामाकडे आला. हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन १८२३ मध्ये या पठारावर पोहोचला, असे सांगितले जाते, त्यामागे हा राजकीय बदल आहे. खाली एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूर-परतवाड्याला, त्या फौजेची छावणी होती आणि आजारी शिपायांना व अधिकाऱ्यांना हवापालटासाठी इतकी जवळची दुसरी जागा नव्हती. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर अमरावती-अकोल्याचे अधिकारी येथे येऊ लागले, कॉफीची लागवड झाली (महाराष्ट्रात कॉफी पिकते ती येथेच), आणि १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार नागपूरशी जोडला गेल्यावर एकाच प्रांताला दोन थंड हवेची ठिकाणे लाभली. मोठा मान पचमढीला मिळाला. चिखलदरा जिल्ह्याच्या पातळीवरच राहिला. या दुय्यमपणामुळे त्याची वाढ मंद झाली, पण जंगलही त्यामुळेच बरेचसे शाबूत राहिले.

दोन्ही गावांच्या नशिबातील सर्वांत मोठा फरक मात्र खडकाचा आहे, आणि हंगामी गावाचा विचार करताना त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. पचमढी वालुकाश्माच्या डोंगरावर आहे. हा खडक पाणी मुरवून घेतो आणि झऱ्यांच्या रूपाने सावकाश परत देतो, त्यामुळे तेथील धबधब्यांपैकी एक, जमुना प्रपात, गावाच्या पिण्याच्या पाण्याचा आधार बनू शकला. चिखलदरा दख्खनच्या काळ्या कातळावर, म्हणजे बेसाल्टवर, आहे. येथे पाऊस विदर्भात सर्वाधिक पडतो, परंतु पठाराच्या कडा ताशीव असल्याने तो काही तासांत चंद्रभागा, सिपना, गडगा या नद्यांच्या खोऱ्यांत उतरतो आणि माथ्यावर लहान तलावांखेरीज फारसे काही उरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ज्या कड्यावरून कोसळणारे पाणी पाहण्यासाठी नागपूर-अमरावतीहून हजारो लोक येतात, त्याच कड्याच्या माथ्यावरील वस्त्यांना एप्रिल-मेमध्ये पाण्याची वाट पाहावी लागते. सुमारे पाच हजार वस्तीच्या या नगर परिषदेला सुट्टीच्या दिवशी कितीतरी पट लोकांना पाणी, वाहनतळ आणि स्वच्छता पुरवावी लागते, तर तिचे कराचे उत्पन्न वस्तीच्या आकाराइतकेच असते.

जागेचा प्रश्नही असाच अवघड आहे. १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश होता. वाघ, रानगवा आणि सागाचे जंगल यांच्या रक्षणासाठी हा निर्णय योग्य होता, हे निःसंदिग्धपणे म्हणावे लागते. त्याची किंमतही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. गवळी समाजाच्या चराईवर मर्यादा आल्या, बोरी, कोहा, कुंड यांसारखी कोरकू गावे या शतकाच्या आरंभी जंगलाबाहेर हलवण्यात आली, आणि चिखलदऱ्याभोवती गावठाणाच्या वाढीला जवळपास वाव उरला नाही. जागा थोडी आणि मागणी मोठी, तेव्हा जमीन स्वाभाविकच हॉटेल आणि बंगल्यांकडे वळते. कोरकू कुटुंबांना या हंगामातून मिळणारी कामे बांधकामावरील मजुरी, झाडलोट, भांडी, मक्याची कणसे भाजून विकणे आणि थोड्यांना वाटाडेपणा अशी असतात. मालकीत त्यांचा वाटा क्वचितच असतो. दिवाळीनंतर यांतील अनेक कुटुंबे मैदानातील शेतांत आणि वीटभट्ट्यांवर कामाला उतरतात आणि होळीला परत येतात, कारण होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण आहे. म्हणजे नागपूरकर हवापालटासाठी डोंगर चढतो आणि डोंगरातील माणूस पोटासाठी मैदानात उतरतो. बालमृत्यू आणि कुपोषण यांसाठी मेळघाटचे नाव १९९० नंतरच्या दशकात देशभर पोहोचले, ते याच भागातून. सिडको या शासकीय संस्थेकडे चिखलदऱ्याच्या नियोजनाचे काम सोपवण्यात आले आणि दरीवर सुमारे चारशे मीटर लांबीचा काचेच्या तळाचा पूल उभारण्याचे काम निघाले, तेव्हा चर्चा पुलाच्या लांबीची आणि वन्यजीवविषयक परवानग्यांत गेलेल्या वर्षांची झाली. पुलावर येणाऱ्या माणसांना मे महिन्यात पाणी कोठून द्यायचे हा प्रश्न त्या चर्चेत मागेच राहिला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, तेव्हा नागपूरचे राजधानीपण संपले आणि त्याची उन्हाळी राजधानीही दुसऱ्या राज्यात राहिली. सरकारी नाते तुटले. लोकांचे तुटले नाही, कारण ते सरकारपेक्षा जुने होते. महाशिवरात्रीला विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून नवसाचे त्रिशूळ खांद्यावर घेऊन भाविक पचमढीजवळच्या चौरागडावर महादेवाला जातात, आणि नागपंचमीच्या आधीच्या दहा दिवसांत नागद्वारची यात्रा भरते, तिच्यात काजळी, पद्मशेष या ठिकाणांच्या घनदाट जंगलातील वाटांवर सर्वांत मोठा भरणा वैदर्भीयांचाच असतो. तेथील व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या या वाटा केवळ तेवढ्याच दिवसांसाठी खुल्या होतात. या यात्रेकरूंना बंगला, भिस्ती किंवा खानसामा कधीच लागला नाही. शिधा ते सोबत नेतात आणि वाटेत नागपूरच्या मंडळांचे भंडारे चालतात. त्यांच्यापासून दुकानदाराला हॉटेलइतकी मिळकत होत नाही आणि मागे कचराही राहतो, परंतु या हंगामाने डोंगरातील कोणाची जमीन घेतली नाही, एवढे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

विशेष म्हणजे त्याच पुनर्रचनेतून नागपूर स्वतः एक हंगामी शहर बनले. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचे वर्षातील एक अधिवेशन येथे घेण्याचे ठरले होते आणि १९६० पासून हिवाळी अधिवेशनाच्या रूपाने ते होत आले आहे. पूर्वी नागपूरचे सरकार उन्हापासून पळून डोंगरावर जात असे. आता मुंबईचे सरकार नागपूरचा उन्हाळा टाळून डिसेंबरात येते. सिव्हिल लाइन्समधील १६० गाळे, आमदार निवास, रविभवन आणि नागभवन यांची रंगरंगोटी सुरू होते. रंगारी, सुतार, मंडपवाले, भोजन कंत्राटदार आणि ऑटोचालक यांचा हंगाम लागतो. मोर्चांसाठी रस्ते अडवले जातात आणि हॉटेलांचे दर वाढतात. २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे अधिवेशन मुंबईतच झाले, तेव्हा या सर्वांची ती कमाई पूर्णपणे बुडाली. २०२४ मध्ये ते अवघे सहा दिवस चालले. सुमारे तीस लाख वस्तीचे शहर असल्याने नागपूर हा धक्का पचवू शकते. पाच हजारांच्या चिखलदऱ्याला एक पावसाळी हंगाम वाया गेल्यास तसे करता येत नाही. ज्या नागपूरकरांना अधिवेशन पूर्ण मुदतीचे व्हावे, त्यातून विदर्भाच्या प्रश्नांची तड लागावी, केवळ पाहुण्यांची वर्दळ होऊ नये असे वाटते, त्यांनी हीच कसोटी आपल्या सुट्टीच्या गावालाही लावली पाहिजे.

ती कसोटी लावली तर मागणी स्पष्ट होते. चिखलदऱ्यात नव्या खोल्यांना परवानगी देण्याआधी पठारावर वर्षभर पुरेल इतका साठा झाला पाहिजे आणि त्यावर पहिला हक्क कायम वस्तीचा असला पाहिजे. हंगामी गर्दीवर आकारला जाणारा कर नगर परिषदेकडेच राहिला पाहिजे. आणि वाटाडे, निवास व भोजन यांच्या परवान्यांत कोरकू आणि गवळी कुटुंबांना मालक म्हणून स्थान मिळाले पाहिजे. या मागण्या विधिमंडळात मांडता येतील असे व्यासपीठ दर डिसेंबरला नागपुरात भरते, आणि तेथून चिखलदरा सुमारे २३० किलोमीटरवर आहे.